‘इतक्यात’ची किंमत

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाजवळ एक शब्द असा असतो, की त्याच्यावाचून त्याचे पान हलत नाही. तो शब्द म्हणजे ‘इतक्यात’. खलपुरुषाने सुरा उगारलेला आहे, नायिका भिंतीला टेकली आहे, आता काही धडगत नाही असे वाचकाला वाटू लागते, आणि आम्ही लिहितो, “इतक्यात दार धाडकन उघडले.” नायक दारामागे किती वेळ उभा होता, तो दोन वाक्ये आधी का आला नाही, आणि त्याला यायला दोन वाक्ये उशीर झाला असता तर काय झाले असते, हे विचारण्याची वाचकाला सोय नसते. ‘इतक्यात’ आम्हांला फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूसारखाच आम्ही तो उधळतो. माझ्या स्वतःच्या चार कादंबऱ्यांत तो किती वेळा आला आहे, हे मोजायचे मी मुद्दाम टाळले आहे.

या शब्दाला काही किंमत असू शकते, ती रोख मोजावी लागते आणि तिच्यावरून माणसे हमरीतुमरीवर येतात, हे मला कळले ते एका खेळाच्या नियमपुस्तकांवरून. दिवाळी अंकात नियमपुस्तकांवर टीकालेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात रेल्वेचे वेळापत्रक वाढण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ही पुस्तके वाचनीय आहेत. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊनच मी ती वाचली, आणि तरीही ती खाली ठेववेनात.

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला, आणि १९७४ साली तीन छोट्या पुस्तिका एका पेटीत घालून विकायला काढला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. आज त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतली कॉलेजातली मुले तो आता हौसेने खेळतात.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याला सारीपाटासारखा पट लागतोच असे नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. कोणी तलवारबहाद्दर, कोणी मांत्रिक, कोणी चोर. त्या पात्राची ताकद, चपळाई, जखमा हे सारे एका कागदावर लिहिलेले असते. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो साऱ्या जगाची बाजू सांभाळतो: वाटा, दारे, गावकरी, राक्षस, ऊनपाऊस. रचणाऱ्यांनी त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हटले आहे; मी आपला सूत्रधारच म्हणेन. सूत्रधार सांगतो, “पुढे ओल्या पायऱ्या आहेत आणि खालून उजेड येतो आहे.” खेळणारे सांगतात की आपले पात्र आता काय करते. ते साधेल की नाही अशी शंका असेल तेथे फासा टाकायचा. थोडक्यात, संहिता नसलेली नाटकाची तालीमच ती.

गप्पा चालल्या आहेत तोवर कोणी आधी बोलावे आणि कोणी नंतर, याची कोणाला पर्वा नसते. तलवारी उपसल्या, की मात्र सगळे एकदम ओरडू लागतात. लढाई एकाच क्षणी चहूकडे होते आणि भाषेला तर एका वेळी एकच गोष्ट सांगता येते. ही अडचण कादंबरीकाराचीच आहे. मारामारीचे प्रकरण लिहिताना कोणाचा ठोसा आधी लिहायचा हे मला ठरवावेच लागते. खेळात ते फाशाने ठरते. प्रत्येकाने फासा टाकायचा, आलेल्या आकड्याप्रमाणे पाळीचा क्रम लावायचा आणि त्या क्रमाने ज्याने त्याने आपापला घाव घालायचा. इंग्रजीत याला ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतात.

इथपर्यंत सोपे आहे. पण लढाई मध्यावर आली, की कोणाला तरी वाटते, ‘आत्ता नको, जरा थांबून मारावे.’ कोणी मूर्च्छित पडतो. कोणी नवाच मागच्या दाराने येतो. मग एकदा लागलेला क्रम हलवायचा की नाही? हलवला तर कोणाच्या पदरचे काय जाणार? ‘इतक्यात’ हा शब्द टेबलावर उच्चारायचा अधिकार कोणाला, आणि काय मोजून? या एका प्रश्नाला या पुस्तकांनी पन्नास वर्षांत जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांत त्या त्या रचनाकाराची माणसाविषयीची समजूत उघडी पडते, असे मला वाटते.

या खेळाचा पूर्वज म्हणजे १९७१ सालचे ‘चेनमेल’ हे पुस्तक. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ते शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळण्यासाठी लिहिले होते. त्यातला एक नियम मला फार आवडला. दोन्ही बाजूंनी फासा टाकायचा. ज्याचे दान मोठे पडेल त्याने आधी हलायचे की नंतर, हे त्याचे त्याने ठरवायचे. म्हणजे नंतर हलणे हेही कधी कधी बक्षीस असते, हे त्या लोकांना पहिल्यापासून ठाऊक होते! पुढच्या कित्येक पुस्तकांना मात्र याचा विसर पडला.

१९७९ साली गायगॅक्सने सूत्रधारासाठी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात लढाईची एक फेरी एका मिनिटाची, तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे, दर फेरीला दोन्ही बाजूंचा नवा फासा, आणि मंत्र म्हणायला किती तुकडे लागतात त्याचा वेगळा हिशेब. मंत्र पुरा होण्याआधी घाव बसला तर मंत्र फुकट जायचा. गायगॅक्सची भाषा जुन्या शास्त्रीबुवांसारखी जड आहे आणि पाळीचे हे प्रकरण तर असे गुंतागुंतीचे, की ते वाचून नक्की काय करायचे यावर खेळणाऱ्यांत एकमत होईना. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते पुष्कळ सुबोध झाले. तेथे दर फेरीला आधी प्रत्येकाने आपण काय करणार ते सांगायचे, मग दहा बाजूंचा फासा टाकायचा. ज्याचा आकडा लहान तो आधी. क्रम दर फेरीला बदलणारच, तेव्हा मध्येच बदलण्याचा प्रश्न बराचसा आपोआप मिटला. पण सांगून बसलेला माणूस अडकतो. तुम्ही राक्षसावर तलवार चालवतो म्हणालात, आणि तुमची पाळी येईपर्यंत राक्षस आधीच आडवा झालेला असतो. आपल्या जुन्या नाटकांतल्या दिलेल्या शब्दासारखे हे आहे. मला त्यात रस वाटला. पण मुलांना राग येत असला पाहिजे, हेही कळते.

खरा पालट झाला तो २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. खेळाची मालकी तोवर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे गेली होती. फेरी सहा सेकंदांची झाली. वीस बाजूंचा फासा लढाईच्या आरंभी एकदाच टाकायचा, त्यात चपळाई मिळवायची आणि तोच क्रम शेवटपर्यंत चक्राकार फिरत राहायचा. क्रम असा पक्का झाला म्हणून तो मोडण्याचे मार्गही लिहून द्यावे लागले, आणि ते तेथे फार विचाराने लिहिलेले आहेत.

पहिला मार्ग नुसते थांबण्याचा. समजा तुमचा आकडा १७ आहे. तुमची पाळी आली, पण तुम्हांला आधी मित्राने दार फोडायला हवे आहे आणि त्याचा आकडा ११. तुम्ही म्हणता, “मी थांबतो.” मित्राचे झाले की तुम्ही उठता. मात्र येथून पुढे तुमचा आकडा १७ राहत नाही. तो त्या मित्राच्या मागे जाऊन बसतो आणि लढाई संपेपर्यंत तेथेच राहतो. थांबण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. शिवाय असे थांबून तुम्हांला कोणाच्या कृतीच्या मध्ये घुसता येत नाही. त्याचे पुरे झाल्यावरच तुमचे.

दुसरा मार्ग नेम धरून बसण्याचा, आणि हाच खरा ‘इतक्यात’. तुम्ही आपल्या पाळीला सांगून ठेवता, “त्या दारातून कोणी डोके काढले, की मी बाण सोडणार.” पुढे दारातून डोके निघाले, की तुमचा बाण त्याच्या कृतीच्या आधी सुटतो, आणि तुमचा क्रम त्याच्या किंचित पुढे जाऊन बसतो. पण दारातून कोणी आलेच नाही तर ती फेरी तुमच्या हातून गेली. कादंबरीकाराला असे नुकसान कधी सोसावे लागले आहे काय? आमचा नायक दारामागे उभा राहिला आणि प्रकरणभर दार उघडलेच नाही, असे छापील पानांत मी तरी पाहिलेले नाही.

याच आवृत्तीत एक तिसरा, विसरला गेलेला मार्ग होता. पूर्ण एक फेरी काहीही न करता नुसते चहूकडे बघून चित्त स्थिर करायचे. मग फाशावर वीसच पडले असे धरून तुमचा आकडा नव्याने लागायचा. २००३ च्या सुधारित आवृत्तीत तो काढून टाकला. कोणी फारसा वापरत नसेल म्हणून काढला असेल. मला मात्र त्याची हळहळ वाटते. चालू लढाईत एक माणूस सहा सेकंद काहीच न करता उभा राहतो आणि त्याचेच पुढे सर्वांत आधी चालते, या कल्पनेत एक गोष्ट दडलेली आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठीही २००३ च्या त्या पुस्तकात सरळ नियम आहे. लढाई सुरू झाल्यावर जो येईल त्याने आल्या वेळी फासा टाकावा आणि त्या आकड्याने रांगेत उभे राहावे. म्हणजे सूत्रधाराच्या मदतीला धावून आलेल्या राक्षसालाही रांग चुकत नाही.

२०१४ साली पाचवी आवृत्ती आली. तिचे लोकांनी फार कौतुक केले आणि ते रास्त आहे. तिच्यामुळे नवी माणसे या खेळात आली. पण तिने थांबण्याचा मार्ग बंद केला. तुमची पाळी आली की काय करायचे ते करा, नाहीतर सोडून द्या. १७ चा आकडा लढाई संपेपर्यंत १७. रचनाकारांचे म्हणणे असे, की मिनिटामिनिटाला रांग हलू लागली की खेळ रेंगाळतो, आणि शिवाय काळाचे हिशेब बिघडतात. दुसरे कारण खरोखर वजनदार आहे. समजा एका मल्लाचा आकडा १८, त्याच्या मित्राचा १२ आणि शत्रूचा ९. मल्लाने शत्रूला असा तडाखा दिला, की मल्लाची पुढची पाळी संपेपर्यंत शत्रू बधिर. नियमाने शत्रूची एक पाळी बुडाली. पण पुढच्या फेरीत मल्लाला ‘मी थांबतो’ म्हणून ९ च्या मागे सरकता आले, तर त्याची पाळी संपलेली नसल्याने शत्रूची दुसरीही पाळी बुडते. मित्र मध्ये आणखी एकदा मारून घेतो, आणि हे सारे थांबणाऱ्याने काहीही न मोजता. हा ‘इतक्यात’ नव्हे, ही वजनात मारलेली काटछाट झाली.

नेम धरून बसणे मात्र २०१४ मध्ये राहिले. पण त्याचा अर्थ पालटला. आता बाण सुटतो तो सांगितलेली घटना घडून गेल्यावर, लगेच, आधी नव्हे. आणि बाण सोडला तरी तुमचा आकडा जागचा हलत नाही. मांत्रिकाने मंत्र असा रोखून धरला तर त्याला चित्त एकाग्र ठेवावे लागते. प्रसंग आलाच नाही तर मंत्रही वाया. किंमत आहे, पण बाजारभाव उतरलेला आहे. तिसऱ्या आवृत्तीत पहारेकरी दार उघडणाऱ्याच्या आधी बाण सोडू शके; येथे त्याला दार उघडण्याची वाट पाहावी लागते. फरक केसाएवढा आहे, आणि त्याच केसावरून मी एक मूल गप्प झालेले पाहिले.

गेल्या मेच्या सुटीत पुण्याला बहिणीकडे होतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे; त्याच्या खोलीत दर रविवारी हा खेळ चाले आणि तो सूत्रधार. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसे. “मामा, मध्ये बोलायचं नाही हं,” एवढ्याच अटीवर मला प्रवेश होता. खेळणाऱ्यांत सर्वांत लहान म्हणजे शेजारची नववीतली मुलगी. तिचे पात्र तिरंदाजाचे. लढाई तळघरात आली होती. शत्रूंचा म्होरक्या बंद दाराआड आहे हे सर्वांना ठाऊक होते. इतर चौघे समोर दिसेल त्यावर तुटून पडले होते. ही मात्र आपली पाळी आली तेव्हा थोडा विचार करून म्हणाली, “मी दाराकडे नेम धरते. दार उघडलं, की बाण.” चार शत्रू समोर असताना तिने एकालाही मारले नाही. तिच्या दृष्टीने तिने तेथे आपली पाळी गहाण टाकली होती.

म्होरक्याची पाळी आली. भाच्याने वर्णन सुरू केले, आणि मान्य केले पाहिजे की फार चांगले केले. दार फुटले, फळ्या उडाल्या, तो काळा अवाढव्य पुरुष ढांगा टाकीत खोली ओलांडून आला आणि त्याने पुजाऱ्याच्या खांद्यात परशू रोवला. “आता तुझा बाण,” भाचा म्हणाला. मुलगी म्हणाली, “पण दादा, मी दार उघडल्यावर म्हणाले होते.” तो म्हणाला, “तो फार चपळ आहे गं. सीन बघ ना!” तिने फासा टाकला. बाण लागलासुद्धा. पण त्यानंतरच्या दोन तासांत तिने एकदाही नेम धरला नाही. आपली पाळी आली की सर्वांत जवळच्या शत्रूला मारायचे आणि मोबाइल बघत बसायचे, एवढेच तिने केले.

रात्री जेवताना भाच्याने मला विचारले, “मामा, सीन चांगला झाला ना?” चांगला झाला होता. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता. माझी तक्रार नेमकी तीच आहे. पुस्तक त्याच्या बाजूने नव्हते. दार उघडण्याची घटना संपते दार उघडले तेथे, खोली ओलांडून परशू रोवला तेथे नव्हे. बाण उंबरठ्यावरच सुटायला हवा होता. कदाचित चुकला असता, कदाचित लागूनही म्होरक्या पुढे आलाच असता आणि पुजाऱ्याचा खांदा त्याला मिळालाच असता. सूत्रधाराने त्या क्षणी कादंबरीकाराचा फुकटचा ‘इतक्यात’ वापरला, आणि समोर बसलेल्या मुलीने स्वतःचा रोख मोजून घेतलेला होता. वाचकाने पाने उलटण्यापलीकडे काही मोजलेले नसते, म्हणून आमचे खपून जाते. खेळणाऱ्याने आपली पाळी मोजलेली असते.

हे काही आजच्या पोरांचे नवे भांडण नाही. कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतते आणि तो अर्जुनाला क्षणभर थांबायला सांगतो, तेव्हा तो धर्माची भाषा बोलतो. पण मागतो आहे ती पाळीच. श्रीकृष्ण त्याला अभिमन्यूची आठवण करून देतो. म्हणजे मागे तुम्ही सगळ्यांनी मिळून रांग मोडली, तेव्हा आज तुला रांग कसली! आपण लहानपणापासून या प्रसंगी कोणाची बाजू घ्यावी याबद्दल वाद घालीत आलो आहोत आणि आजीपासून नातवापर्यंत घरात एकमत होत नाही.

सूत्रधाराला आपला म्होरक्या विजेसारखा हवा असेल तर त्याला पुस्तकाने प्रामाणिक वाट दिलेली आहे. २०१४ च्या पुस्तकात वयस्क ड्रॅगनसारख्या थोर शत्रूंना आपल्या पाळीखेरीज दर फेरीला तीन जादा हालचाली असतात. दुसऱ्या कोणाची पाळी संपली रे संपली, की ड्रॅगनने त्यातली एक वापरायची. शेपटीचा एक फटका हा असा येतो. रांग मोडते, पण मोजून तीनदा मोडते, आणि खेळणाऱ्यांना एकदा ते कळले की तेही बेत आखू लागतात. भाच्याच्या म्होरक्याला असल्या हालचाली दिलेल्या नव्हत्या. त्याला फक्त सूत्रधाराचे प्रेम लाभले होते.

थांबण्याच्या पेचावर मला सर्वांत नीट वाटलेला इलाज २०१९ सालच्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. हा खेळ ‘पायझो’ या दुसऱ्या कंपनीचा, पण वंश तोच. तेथे थांबता येते. मात्र थांबतो म्हटल्याक्षणीच तुमच्या पाळीत तुम्हांला जे काही बाधणार होते, विष म्हणा, आग म्हणा, ते लगेच बाधते. आणि तुमच्या पाळीत संपणारे जे लाभ होते ते तेथल्या तेथे संपतात. मघाच्या मल्लाची लबाडी त्यामुळे चालत नाही. २०१४ च्या मंडळींनी ज्या भोकासाठी दारच बंद केले, ते भोक यांनी चार ओळींत बुजवले. एखाद्या सहकारी पतपेढीच्या चिटणिसाला शोभेल असा हा नियम आहे, आणि हे मी स्तुती म्हणून म्हणतो.

त्याच पुस्तकात कोणी घायाळ होऊन पडला, की त्याचा आकडा उचलून ज्याने त्याला पाडले त्याच्या किंचित आधी ठेवतात. पहिल्यांदा वाचताना मला हे चमत्कारिक वाटले. मग ध्यानात आले. पडलेल्याला आपल्या पाळीला मरणाशी झुंजीचा फासा टाकावा लागतो. ती पाळी पाडणाऱ्याच्या लगेच मागे असती, तर मित्रांना धावून यायला वेळच मिळाला नसता. क्रम असा सरकवल्यामुळे जवळजवळ एक पूर्ण फेरी मध्ये मिळते आणि तेवढ्यात बाकी प्रत्येकाला एकदा तरी हात पुढे करता येतो. करुणा ही अशी आकडेमोडीत घालता येते, हे मला ठाऊक नव्हते.

पत्त्यांची हौस असलेल्या घरांना २००३ सालचा ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ हा खेळ आवडेल. त्यात फासा नाही. दर फेरीला प्रत्येकाला एक पत्ता वाटायचा. एक्का सर्वांत आधी, दुर्री सर्वांत शेवटी. बरोबरी झाली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा मान. ज्याला जोकर आला तो हवे तेव्हा, दुसऱ्याचे मध्येच तोडूनसुद्धा उठू शकतो. तेथे ‘इतक्यात’ दैवाने मिळतो. थांबायचीही मुभा आहे. थांबलेल्याला नवा पत्ता मात्र मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या कृतीच्या आधी घुसायचे असेल तर दोघांनी फासे टाकून कोणाची चपळाई सरस ते ठरवायचे. माझ्या भाच्याचा म्होरक्या ‘फार चपळ’ होता ना? मग टाक म्हणावे फासा!

आणि २०१२ साली निघालेल्या ‘मार्व्हल हिरोइक’ या खेळात तर रांगच नाही. ज्याची कृती झाली त्यानेच पुढचा कोण ते सांगायचे; शेवटच्याने पुढच्या फेरीचा पहिला निवडायचा. खेळाडूंनी याला लाह्यांचे नाव दिले आहे, कढईत कोणती कधी उडेल याचा नेम नाही म्हणून. मला तो आपला खो-खोच वाटला. पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळाल्यावाचून उठायचे नाही, आणि कोणाला ‘खो’ द्यायचा हे पळणाऱ्याने पाहायचे. शाळेत दोन तपे खो-खो घेतल्यामुळे त्यातली मेख मला लवकर दिसली. सगळे नायक पहिल्यांदा आपापसातच ‘खो’ देत राहिले, तर शेवट शत्रूंच्या हाती जातो. शेवटचा शत्रू पुढच्या फेरीचा पहिला ‘खो’ आपल्याच माणसाला देतो आणि शत्रूंचे घाव दोनदा लागोपाठ पडतात. स्वतःचाच विचार करण्याची किंमत येथे सूत्रधाराला वसूल करावी लागत नाही. ती खेळच करतो.

२०२४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पुस्तके पुन्हा सुधारून निघाली. अचानक छापा पडला तर पूर्वी गाफील माणसाची पहिली पाळी बुडे. आता त्याने फासा दोनदा टाकायचा आणि लहान आकडा घ्यायचा. थांबण्याचा मार्ग अजूनही नाही. पण एक नवी गोष्ट आली आहे. ज्या पात्राजवळ सावधपणाचे कसब आहे त्याला, फासे पडल्यापडल्या, कबूल असलेल्या एखाद्या सोबत्याशी आपला आकडा बदलून घेता येतो. तुझे १९ मला, माझे ६ तुला. एवढ्याने नववीतल्या त्या मुलीचे काम भागले नसते, कारण लढाई रंगात आली की ही मुभा संपलेली असते आणि दार तर नंतर उघडायचे असते. शिवाय ते कसब ज्याने घेतले त्यालाच ती. मी सूत्रधार असतो तर ही अदलाबदल टेबलावरच्या प्रत्येकाला दिली असती, लढाईच्या कोणत्याही फेरीत, पण साऱ्या लढाईत एकदाच. आणि ती वापरल्याची खूण म्हणून त्याच्या नावाची चिठ्ठी सर्वांना दिसेल अशी उलटी ठेवली असती. म्होरक्याचीसुद्धा.